आलेखातली हरवलेली उणे खूण

नारायणगावात व्याख्यान आहे म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटलं असेल की आज दुर्बिणीबद्दल, ताऱ्यांबद्दल काहीतरी ऐकायला मिळणार. दुर्बीण येईल बोलण्यात, पण आजचा विषय त्यापेक्षा बारीक आहे. संगणकावर आलेख काढतो तेव्हा त्यातली अक्षरं आणि आकडे कुठून येतात, ते लाटेकमध्ये लिहिलेल्या निबंधातल्या अक्षरांशी कसे जुळवायचे, आणि जुळवताना काय काय बिघडतं, एवढंच आज बघायचं आहे.

आम्ही काही जण जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना रेडिओ खगोलशास्त्राच्या छोट्या प्रकल्पांत मदत करतो. मुलं पायथन शिकतात, माहिती उतरवून घेतात, आलेख काढतात. सगळं जमतं आणि शेवटच्या दिवशी अक्षरांवर गाडी अडते. म्हणून हा विषय निवडला. एक सांगून ठेवतो, इथे सगळं तोंडी चाललं आहे, म्हणून सेटिंगांची नावं आपण उच्चारतो तशीच सांगू.

आधी आमची फजिती

एका विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही भित्तिपत्रक केलं होतं. त्यावर एक मोठा स्तंभालेख होता. आडव्या अक्षावर रेडिओ स्रोतांचा वर्णपट निर्देशांक, उभ्या अक्षावर स्रोतांची संख्या. आडवा अक्ष उणे २ पासून अधिक १ पर्यंत जायचा. भित्तिपत्रकाचा मजकूर लाटेकमध्ये होता, म्हणून आलेखालाही तोच चेहरा द्यावा असं ठरलं. मॅटप्लॉटलिबमध्ये फॉन्टच्या नावाच्या जागी आम्ही 'सीएमआर टेन' असं भरलं. हा लाटेकचा मूळ सरळ अक्षरांचा फॉन्ट. चित्र झकास दिसलं. फक्त काही आकड्यांच्या आधी एक एक लहान चौकोन आला होता. खाली पडद्यावर इशारेही येत होते, की ८७२२ क्रमांकाचं चिन्ह या फॉन्टात नाही. ते कोणी वाचले नाहीत. रात्र झाली होती. आमच्यातल्याच एकाला ते चौकोन म्हणजे कचरा वाटला आणि त्याने चित्र दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये ते एकेक करून पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी सातवी-आठवीतली एक मुलगी भित्तिपत्रकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ''शून्याच्या दोन्ही बाजूंना ०.५ कसा काय? संख्यारेषा अशी नसते.''

बरोबर होतं तिचं. आमचा अक्ष वाचला तर असा दिसत होता : २, १.५, १, ०.५, ०, ०.५, १. पुसलेले चौकोन म्हणजे उणे खुणा होत्या.

एका आडव्या रेघेची किंमत

आता ही उणे खूण गेली तर नेमकं काय बिघडतं ते बघू.

आपल्या खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, सगळ्यांना माहीत आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधल्या साधारण चौरस किलोमीटरच्या भागात, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या. सर्वांत लांबच्या दोन अँटेनांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. प्रत्येक अँटेनाची प्रत्येक दुसरीशी जोडी लावली तर ४३५ जोड्या होतात, आणि या जोड्यांच्या मोजमापातून आकाशाचं चित्र तयार होतं. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ही दुर्बीण उभारली.

या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाचं सर्वेक्षण केलं. टीजीएसएस या नावाने ते ओळखलं जातं. २०१७ साली त्याची नव्याने प्रक्रिया केलेली यादी प्रसिद्ध झाली. त्यात ६ लाखांहून जास्त रेडिओ स्रोत आहेत आणि ती कोणालाही मोफत उतरवून घेता येते. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीचं एनव्हीएसएस हे १.४ गिगाहर्ट्झचं सर्वेक्षणही खुलं आहे. दोन्ही याद्यांतला एकच स्रोत शोधायचा, कमी वारंवारतेला तो किती तेजस्वी आणि जास्त वारंवारतेला किती, एवढं बघायचं. घोडेगावच्या वसतिगृहात बसून करता येईल असा प्रकल्प आहे.

समजा, एक स्रोत १५० मेगाहर्ट्झला १००० मिलिजान्स्की भरला आणि १४०० मेगाहर्ट्झला २००. वारंवारता ९.३३ पट झाली, तेज पाचपटीने उतरलं. दोन्हींचे लॉगॅरिदम घेऊन भागाकार केला की उत्तर येतं उणे ०.७२. हाच वर्णपट निर्देशांक, अल्फा. चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून येणाऱ्या रेडिओ तरंगांचा अल्फा साधारण असाच असतो, उणे ०.७ ते उणे ०.८ च्या आसपास. उणे खूण सांगते की वारंवारता वाढली की तेज उतरतं.

खूण पुसा. आता तेज वारंवारतेबरोबर चढतं असा अर्थ झाला. त्याच १००० मिलिजान्स्कीपासून निघालो तर १४०० मेगाहर्ट्झला २०० ऐवजी सुमारे ५००० मिळतील. २५ पट चूक. आणि चूक फक्त आकड्याची नाही. चढता वर्णपट म्हणजे वेगळंच भौतिकशास्त्र, उदाहरणार्थ स्रोत इतका दाट असणं की तो स्वतःचेच कमी वारंवारतेचे तरंग शोषून घेतो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. अल्फाची व्याख्या करताना काही लेखक सूत्रातच उणे खूण घालतात. त्यांच्याकडे साध्या, उतरत्या स्रोताचा अल्फा अधिक ०.७ असतो. दोन्ही प्रथा चालू आहेत. त्यामुळे एखाद्या आलेखावर नुसतं ०.७ दिसलं तर जाणकार माणूस म्हणेल, बरं, यांनी दुसरी प्रथा घेतली असेल. त्याला शंकाच येणार नाही. त्या मुलीला कुठलीच प्रथा माहीत नव्हती, म्हणून तिला चूक दिसली.

चिन्ह गेलं कुठे?

यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघणार होती. प्रकाशक खिळ्यांची जुनी छपाई सोडून नव्या पद्धतीकडे वळला होता, आणि हाती आलेली मुद्रितं क्नूथला इतकी कुरूप वाटली की त्याने १९७७-७८ मध्ये स्वतःच जुळणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो टेक. अक्षरं काढण्यासाठी मेटाफॉन्ट लिहिला आणि त्यातून 'कॉम्प्युटर मॉडर्न' हा अक्षरांचा परिवार घडवला. पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्टने टेकवर सोयीचा थर चढवला, तो लाटेक. गणित आणि भौतिकशास्त्राचे निबंध जगभर आज बहुतेक यातच लिहिले जातात.

कॉम्प्युटर मॉडर्न परिवारात अक्षरं वेगवेगळ्या फॉन्टांत वाटून ठेवलेली आहेत. सरळ अक्षरं आणि आकडे सीएमआर टेनमध्ये. तिरकी गणिती अक्षरं आणि ग्रीक छोटी अक्षरं सीएमएमआय टेनमध्ये. आणि उणे, गुणिले यांसारखी चिन्हं सीएमएसवाय टेन या चिन्हांच्या फॉन्टमध्ये. टेक स्वतः जुळणी करतं तेव्हा त्याला हे माहीत असतं. दोन डॉलर खुणांच्या मध्ये गणित दिसलं की ते आकडा एका फॉन्टातून उचलतं आणि उणे खूण दुसऱ्यातून.

आम्ही काय केलं? सीएमआर टेन उचलून मॅटप्लॉटलिबला दिला आणि म्हटलं, सगळं यातूनच लिही. अक्षावरचे आकडे लिहिताना मॅटप्लॉटलिब कळफलकावरची आखूड संयोगरेषा वापरत नाही, खरी गणिती उणे खूण वापरतं. युनिकोडमधला तिचा क्रमांक ८७२२. ती सीएमआर टेनमध्ये नाही. नाही म्हणून चौकोन आला. प्रोग्रॅमने त्याचं काम बरोबर केलं होतं, इशाराही दिला होता.

उपाय एका ओळीचा आहे. 'अ‍ॅक्सिस डॉट फॉरमॅटर डॉट यूज मॅथटेक्स्ट' ही सेटिंग चालू करायची. मग अक्षावरचे आकडे गणित म्हणून जुळवले जातात आणि उणे खूण योग्य फॉन्टातून येते. नव्या आवृत्त्या सीएमआर टेन दिसला की हाच सल्ला इशाऱ्यातून देतात. दुसरा उपाय, 'अ‍ॅक्सिस डॉट युनिकोड मायनस' बंद करायचं. मग साधी संयोगरेषा येते. ती आखूड असते, दुरून दिसत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

तीन वाटा

आता मूळ प्रश्नाकडे. आलेखाला लाटेकचं वळण द्यायचं तर मॅटप्लॉटलिबमध्ये तीन वाटा आहेत.

पहिली वाट, मॅथटेक्स्ट. हे मॅटप्लॉटलिबमध्येच बसवलेलं छोटं गणित-जुळणी यंत्र. यासाठी संगणकावर लाटेक असायची गरज नाही. डॉलर खुणांच्या मध्ये लाटेकसारखंच लिहायचं. 'मॅथटेक्स्ट डॉट फॉन्टसेट' या सेटिंगला 'सीएम' दिलं तर कॉम्प्युटर मॉडर्न, 'स्टिक्स' दिलं तर टाइम्सच्या जवळचं वळण. काही न सांगितल्यास डेजाव्हू सान्स येतो. ज्यांचा निबंध टाइम्ससारख्या अक्षरांत छापला जाणार आहे, त्यांनी स्टिक्स घ्यावा. आपल्याकडे होणाऱ्या दहातल्या आठ कामांना ही वाट पुरते. लाटेकचं पूर्ण व्याकरण तिला येत नाही, एवढीच मर्यादा.

दुसरी वाट, 'टेक्स्ट डॉट यूजटेक्स'. हे चालू केलं की मॅटप्लॉटलिब प्रत्येक मजकूर खऱ्या लाटेककडे पाठवतं आणि जुळवून आलेलं आलेखात बसवतं. अक्षर न् अक्षर निबंधासारखं दिसतं, हवी ती पॅकेजं वापरता येतात. पण संगणकावर लाटेक आणि त्याची जोडीदार साधनं हवीत, पहिल्या वेळी वेळ लागतो, आणि लाटेकचे सगळे नियम लागू होतात. म्हणजे असं की, टक्क्याची खूण लाटेकला 'इथून पुढे टिपण आहे, वाचू नको' असं सांगते. अक्षाचं नाव 'त्रुटी' आणि पुढे कंसात टक्क्याची खूण असं लिहिलंत, तर त्या खुणेपासून पुढचं सगळं लाटेकच्या लेखी नाहीच. तिच्याआधी उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, द्यावा लागतो. तसंच खालची रेघ, अंडरस्कोअर. मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्यांत यादीतल्या रकान्याचं नाव अंडरस्कोअरसकट आलेखावर चढवलं की लाटेक तक्रार करून थांबायचं.

तिसरी वाट, पीजीएफ. यात आलेख लाटेकच्याच आज्ञांच्या रूपात साठवता येतो आणि निबंधात तसाच ओढून घेता येतो. मग आलेखातली अक्षरं निबंध जुळवताना निबंधाच्याच फॉन्टात जुळतात. निबंधाचा फॉन्ट बदलला की आलेखाचाही बदलतो. लाखभर ठिपक्यांच्या आलेखाला ही वाट जड जाते. मात्र तिचा एक मोठा गुण पुढे मराठीच्या वेळी बघू.

आणि तिन्ही वाटांवर एक खड्डा सारखाच आहे. वारंवारतेचं चिन्ह न्यू. लाटेकमध्ये ते बॅकस्लॅश, एन, यू असं लिहितात. पण पायथनला साध्या मजकुरात बॅकस्लॅश आणि एन दिसले की तो नवी ओळ सुरू करतो. परिणाम असा की आलेखावर न्यूच्या जागी ओळ तुटते आणि खाली एकटा यू लोंबकळत राहतो. रेडिओ खगोलशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने हा यू कधी ना कधी बघितलेला असतो. गुणिले लिहायला गेलात तर बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब होतो. बीटाचं, ऱ्होचं तसंच. उपाय सोपा, अवतरणचिन्हाच्या आधी आर हे अक्षर लावायचं. मग पायथन मजकुरात ढवळाढवळ करत नाही.

जुन्या लोकांना यातलं काहीच नव्हतं. रेडिओ खगोलशास्त्रात वर्षानुवर्षं पीजीप्लॉट नावाचं साधन चालायचं, कॅलटेकमध्ये टिम पिअर्सनने लिहिलेलं. त्यातली अक्षरं हर्शी फॉन्टची. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत हर्शी या संशोधकाने १९६०च्या दशकात सरळ रेघा जोडून ती बनवली होती, म्हणजे पेनाने आखणाऱ्या यंत्राला काढता यावीत अशी. जुन्या शोधनिबंधातला काटकुळ्या अक्षरांचा आलेख बघितला की ओळखावं, हे त्या घराण्यातलं.

तिरकं कोण, सरळ कोण

लाटेकचं वळण म्हणजे नुसता फॉन्ट नाही. त्यामागे एक नियम आहे. ज्याची किंमत बदलते ती राशी तिरक्या अक्षरात, आणि एकक सरळ अक्षरात. तिरका एम म्हणजे वस्तुमान, सरळ एम म्हणजे मीटर. गणिताच्या डॉलर खुणांत मेगाहर्ट्झची तीन अक्षरं तशीच टाकलीत तर लाटेक ती तीन वेगळ्या राशींचा गुणाकार समजून तिरकी काढतं. त्यासाठी एककाला 'मॅथआरएम'मध्ये गुंडाळावं लागतं, किंवा ते डॉलरच्या बाहेर ठेवावं लागतं.

मोठा आणि छोटा एमही सांभाळा. मिलिजान्स्कीचा एम छोटा, मेगाजान्स्कीचा मोठा. दोन्हींत १०० कोटींचा फरक आहे.

सर्वांत फसवं जोडपं म्हणजे ग्रीक न्यू आणि इंग्रजी व्ही. तिरक्या वळणात ती जुळी भावंडं दिसतात. आणि हायड्रोजनच्या रेषेचा अभ्यास करताना दोन्ही एकाच आलेखावर येतात. ही रेषा १४२०.४ मेगाहर्ट्झला असते, जीएमआरटीच्या सर्वांत वरच्या पट्ट्यात. खालच्या अक्षावर वारंवारता न्यू, वरच्या अक्षावर त्यातून काढलेला वेग व्ही. १ मेगाहर्ट्झ सरकलं म्हणजे साधारण २११ किलोमीटर दर सेकंद. दोन्ही अक्षांना नुसती अक्षरं लिहिलीत तर वाचणारा गोंधळतो. आमचा सल्ला, चिन्हाआधी शब्द लिहा, वारंवारता, वेग, आणि कंसात एकक. जागा असते तेवढी.

आकार

इथे मुलं हमखास चुकतात, म्हणून जरा थांबू. मॅटप्लॉटलिबचं चित्र काही न सांगता ६.४ इंच रुंद असतं आणि त्यातली अक्षरं १० पॉइंटची. संशोधन नियतकालिकात दोन रकाने असतात. एका रकान्याची रुंदी साधारण ३.३ इंच, म्हणजे ८४ मिलिमीटर. चित्र रकान्यात बसवताना निम्मं होतं आणि अक्षरंही निम्मी होतात, १० पॉइंटची ५.२ पॉइंट. फॉन्ट तोच, वळण तेच, पण निबंधाशेजारी ती मुंगीसारखी दिसतात, आणि त्यातली उणे खूण तर केसाएवढी.

म्हणून चित्र आधी मोठं काढून मागून आवळायचं नाही. रकाना ३.३ इंचांचा असेल तर चित्रच ३.३ इंचांचं काढायचं, अक्षरं ८ किंवा ९ पॉइंटची ठेवायची, आणि निबंधात ते न ताणता, न दाबता बसवायचं. आधी चित्र दाटीवाटीचं वाटतं. मग आपोआप लक्षात येतं की अक्षावर ११ आकडे नकोत, ५ पुरे.

चित्र पीडीएफमध्ये साठवा, म्हणजे कितीही मोठं केलं तरी अक्षरांच्या कडा फाटत नाहीत. आणि 'पीडीएफ डॉट फॉन्टटाइप' ही सेटिंग ४२ वर ठेवा. न सांगता ती ३ असते, आणि काही परिषदा व नियतकालिकं टाइप ३ फॉन्ट असलेली फाइल परत पाठवतात.

आणि मराठीत?

आता आपल्या घरचा प्रश्न. डिंभे धरणाच्या पाणीसाठ्याचा आलेख मंचरच्या एका विद्यार्थ्याने मराठीत काढायला घेतला. देवनागरी फॉन्ट दिला. नारायणगाव बरोबर आलं. आंबेगाव, घोडेगाव, मंचर, खोडद, सगळी नीट. पण जुन्नर आलं ते पाय मोडक्या न-सह, आणि डिंभेची वेलांटी ड-च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसली. शिवनेरीचंही तेच.

असं का? देवनागरीत अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लिहिताना आधी. जोडाक्षराला वेगळं रूप लागतं. 'ताऱ्यांची' या शब्दातला ऱ्य हा तर मराठीचा खास आकार. हे सगळं बसवण्याच्या कामाला अक्षर-घडण म्हणू. ब्राउझर ते करतो, मोबाइल करतो. मॅटप्लॉटलिबच्या आजवरच्या बहुतेक आवृत्त्या स्वतःहून करत नाहीत. ज्या नावांत वेलांटी आणि जोडाक्षर नाही, ती वाचली. नारायणगाव केवळ नशिबाने बरोबर आलं, आणि म्हणूनच धोका आहे. एक नाव तपासून बाकीची बरोबर असतील असं समजू नका.

इथे ती तिसरी वाट कामाला येते. पीजीएफ निवडायचं आणि त्याला जुळणीसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक द्यायचं. ही युनिकोड समजणारी टेकची भावंडं. त्यांना फॉन्टची लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असं सांगायचं. भाषा सांगणं महत्त्वाचं, कारण काही फॉन्टांत मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे ठेवलेले असतात आणि भाषा कळली तरच ते येतात. मोफत फॉन्ट भरपूर आहेत. आयआयटी मुंबईचा शोभिका, एक टाइपचा मुक्त, गूगलचा नोटो. अक्षावर देवनागरी आकडे हवे असतील तर दहा आकड्यांची अदलाबदल करणारं दोन ओळींचं फंक्शन लिहायचं. उणे खूण मात्र तिथेही तपासायची, देवनागरी फॉन्टात ती असेलच असं नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, इंग्रजीत लिहा. शोधनिबंध इंग्रजीत ठीक आहे. पण ज्यांच्या शिवाराच्या कडेला ४५ मीटरच्या अँटेना उभ्या आहेत, त्यांनी त्या अँटेनांतून काय दिसलं हे आपल्या भाषेत, न मोडलेल्या अक्षरांत वाचावं, एवढी अपेक्षा गैर नाही. त्या भित्तिपत्रकावर शब्द मराठीत होते, म्हणूनच तर ती मुलगी तिथे थांबली.

शेवटी

जाता जाता नाणेघाट. आपल्याच तालुक्यातला. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा लेख आहे, यज्ञांत दिलेल्या दानांची यादी, आणि त्यात ब्राह्मी आकडे कोरलेले आहेत. संख्यांसाठी खास चिन्हं वापरल्याच्या भारतातल्या जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. लेखाचा काही भाग झिजला आहे. जिथे दगड झिजला तिथला आकडा गेला, त्याला इलाज नाही. आपल्याकडे इलाज आहे. म्हणून आलेख बाहेर पाठवण्याआधी तो छापून घ्या, हातभर अंतरावर धरा, आणि अक्षावरचा प्रत्येक आकडा मोठ्याने वाचा. पडद्यावरचे इशारेही वाचा. चौकोन दिसला तर पुसू नका, तिथे काय असायला हवं होतं ते शोधा.

आम्ही तो आलेख त्याच दिवशी दुरुस्त केला. नवीन छपाईला वेळ नव्हता, म्हणून काळ्या मार्करने चार रेघा ओढल्या. त्या मुलीलाच ओढायला सांगितल्या.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कॉलेजातले संगणक जुने आहेत, लाटेक बसवायला जागा नाही. काय करावं?

उत्तर : पहिली वाट धरा. मॅथटेक्स्टला लाटेक लागत नाही. फॉन्टसेट सीएम, अक्षांसाठी यूज मॅथटेक्स्ट चालू, बस. मराठी हवं असेल तर आलेखातली मराठी अक्षरं रिकामी ठेवून नंतर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चढवता येतात. वेळ जातो, पण होतं.

प्रश्न : आम्ही ग्नूप्लॉट वापरतो. त्यात हे जमतं का?

उत्तर : उत्तम जमतं. त्यात केरोलाटेक, ईपीएसलाटेक असे बाहेर पाठवण्याचे प्रकार आहेत. रेघा चित्रात जातात आणि मजकूर लाटेककडे. कल्पना आपल्या तिसऱ्या वाटेसारखीच. आकाराचा नियम तिथेही तोच.

प्रश्न : मी शेतकरी आहे. मुलगी टोमॅटोच्या क्रेटच्या भावाचा आलेख काढते. रुपयाची खूण येत नाही, चौकोन येतो. हे तेच का?

उत्तर : अगदी तेच. रुपयाची खूण २०१० सालची. त्याआधी बनलेल्या फॉन्टांत ती असणार कुठून? कॉम्प्युटर मॉडर्नमध्येही नाही. ती असलेला फॉन्ट निवडा, नाहीतर सरळ 'रु.' लिहा. चौकोन ठेवून भाव छापू नका. तो नुसता चौकोन आहे का आधीचा एखादा आकडा उडाला आहे, हे बाजारात कोणाला कळणार?